शिंगाने ओठांपाशी यावं

ओस्त्रावातल्या कामगार सभागृहाच्या मागच्या खोलीत
दर मंगळवारी सहाला वेंडेलीन यायचे,
एकसष्ट वर्षांचे, काखेत फ्रेंच हॉर्नची पेटी,
झोपलेलं कोकरू आणावं तशी.
मी एकोणीस वर्षांची, संगीतशाळेतून
गरम गरम नियम घेऊन आलेली.

खुर्चीच्या कडेवर बसा, म्हणायचे मी.
पाय जमिनीला. कणा सरळ. मान ताठ.
डावी बोटं झडपांवर, करंगळी आकड्यात,
उजवा हात त्या पितळी फुलाच्या आत,
पाणी धरावं तसा, पण अर्ध्याच ओंजळीत.
फूल मांडीवर टेकवायचं नाही.
आणि मुख्य म्हणजे, वाकून शिंगाकडे जायचं नाही,
शिंगाने ओठांपाशी यायचं.

ते ऐकायचे. मान डोलवायचे. आणि वाकायचे.

मी खुर्ची बदलली. पाठीशी उशी दिली.
भिंतीला टेकवून उभं केलं.
डोक्यावर सुरावटींची वही ठेवली,
ती तिसऱ्या स्वराला माझ्या कॉफीत पडली.
"पाठीला कणा आहे ना तुमच्या?"
म्हणून गेले, आणि जीभ चावली.

ते रागावले नाहीत.
उठले, गुडघ्याच्या जरा वर
तळहात आडवा धरला हवेत.
"कोळशाचा थर एवढा, बाई.
छप्पर इथे. सव्वीस वर्षं.
त्याच्याखाली मान ताठ ठेवली
तर डोकं फुटतं. बाकी काही नाही."

रेडिएटर टकटकत राहिला.
शिकलेलं सगळं मी आठवून पाहिलं,
त्यात छप्पर कुठेच नव्हतं.

मग बालवर्गातलं बुटकं बाकडं ओढून आणलं.
ते बसले, गुडघे वर, पाठ गोल,
होती तशीच.
फूल मांडीवर टेकलं. मी काही बोलले नाही.
फक्त माउथपीसचा कोन जरा खाली,
कोपर बरगडीपासून चार बोटं लांब,
श्वासाला जाता यावं इतकं.
खांदे सोडा म्हटलं.
ते त्यांना येत होतं,
पाळी संपल्यावर सोडायचे तसे सोडले.

पहिला स्वर फुटला.
दुसऱ्यात थुंकीचं पाणी; नळी काढून झटकलं.
तिसरा
मागे गेला. हे वाद्य आवाज मागेच टाकतं,
तुतारीसारखं आभाळाला सांगत नाही.
भिंतीवर जाऊन तो माझ्याकडे आला
गोल, जाड, किंचित उशिरा,
बोगद्याच्या त्या टोकाहून
कुणी नावाने हाक मारावी तसा.

"दुखतंय कुठे?"
त्यांनी बराच वेळ अंगाची झडती घेतली.
"डावा अंगठा," म्हणाले. मग जरा थांबून,
"बाकी कुठे नाही."

पुढच्या मंगळवारी अंगठ्यासाठी
चामड्याचा पट्टा बसवायचं ठरलं.
त्यांनी आपल्या जुन्या खाणदिव्याचा आणला.
मला टाका घालता येईना.
तोही मग त्यांनीच घातला,
बाकड्यावर वाकून.