स्फुरद

सांवेर रोडवरच्या लॅबमध्ये एकोणीस वर्षं
मी थाळ्या धुते, माध्यम ओतते, ठिपके मोजते.
दिवसभर बोलणं हिंदीत,
मोजणं मात्र मराठीत.
एकोणतीस, तीस, एकतीस,
आई विणताना टाके मोजायची त्या चालीवर.

माध्यम दुधाळ असतं, दगडी फॉस्फेटचं.
तिसऱ्या दिवशी ठिपक्याभोवती
निवळ वर्तुळ दिसतं,
ताकावर निवळी यावी तसं.
जिवाणूने काहीतरी आंबट सोडलं,
दगडाची मूठ सुटली.

माळव्याची काळी माती कंजूष नाही,
फार तर विसराळू.
डीएपी पोत्यापोत्याने घेते
आणि चुन्याशी गाठ मारून ठेवून देते,
पदराला बांधलेली किल्ली
घरभर शोधावी तशी.

गेल्या जूनमध्ये गेंदालाल पाटीदार पाकिटं घेऊन गेले.
ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवली, चहाला थांबले.
दिवाळीच्या आधी आले, एक उरलेलं पाकीट टेबलावर आपटलं :
"मैडम, राख दे दी आपने."

मी ते थाळीवर पसरलं.
तीन दिवस. पाच.
थाळी सगळी दुधाळ.
लेबलवर कोटींचा आकडा छापलेला,
आणि एवढे मेले तरी
ना वास, ना माशी.
शून्य लिहिण्याआधी
मी काचेवरून एकदा बोट फिरवलं.

दोन थाळ्या शेजारी ठेवून दाखवल्या त्यांना.
बराच वेळ बघत राहिले.
"धूप से?"
"हो," मी म्हटलं. चुकून मराठीत.

यंदा आले ते मातीची मटकी घेऊन,
तोंडाला ओलं फडकं,
विरजण न्यायला आल्यासारखे.
"डीएपी कितना कम करूँ?"
चौथा हिस्सा. तोही आधी एका बिघ्यात.
गुळाचं पाणी थंड झाल्यावरच बी चोळायचं, सावलीत.
मान हलवली. बसमध्ये मटकी मांडीवर घेऊन बसले,
शेजारच्याने विचारलं असेल, काय आहे यात?
काय सांगितलं असेल त्यांनी?

इकडे बोलताना नुसतं 'स्फुर' म्हणतात.
शेवटचा 'द', देणारा,
मी माझ्यापुरता जोडून घेते.

संध्याकाळी वापरलेल्या थाळ्या
ऑटोक्लेव्हमध्ये जातात, वर्तुळांसकट.
एकशे एकवीस अंश, पंधरा मिनिटं.
तेही मीच करते.
रजिस्टरात त्याला रकाना नाही.