वेळेनंतर

मानखुर्दच्या बालगृहातली तपासणीची खोली.
पंखा आहे, पण त्याचं बटण बाहेरच्या भिंतीवर.
प्रणय सकट, वय सोळा, साठेनगर.
फाइलवर एकच ओळ: स्वभाव हिंसक.
लिहिणाऱ्याचं अक्षर मात्र फार देखणं.

मी म्हणते, आकडे ऐक, उलटे सांग.
चार, नऊ, दोन.
तो म्हणतो, दोन.
आणि बघत राहतो माझ्या हातातल्या घड्याळाकडे,
उरलेले आकडे जणू मीच काढून घेतलेत.

मग लाल-पांढरे ठोकळे. नक्षी जमते,
एक कोपरा सोडून.
त्या कोपऱ्यापाशी त्याचा जबडा आवळतो,
ठोकळा टेबलावर आपटतो तो,
लगेच उचलून शर्टाला पुसतो.
पुस्तिकेत आपटल्याची नोंद करायला जागा आहे.
पुसल्याची नाही.

शेजारच्या बंद घरातून पाणी वाहतंय, आत कुणी नाही.
काय करशील?
'कुलूप तोडीन.'
पुस्तिका म्हणते, शून्य.
'आमच्याकडं पाणी तिसऱ्या दिवशी येतं, मॅडम.
कुलूप साठ रुपयाला भेटतं.'
पेन्सिल उचलते, ठेवते,
शून्याच्या पोटात एक ठिपका देते
जो बेरजेत धरता येणार नाही.

झोप लागते?
'डंपर थांबले की.'
कधी थांबतात?
तो हसतो. पहिल्यांदाच.

पान्याची गोष्ट त्यानं स्वतःच काढली.
कुर्ल्याचं गॅरेज, भर दुपार,
रेडिएटरमधून उसळलेलं पाणी मनगटावर,
शेठ दोनदा आईवरून बोललेला,
आणि समोर इम्तियाज. हसत.
'पाना हातातच होता.'
नखानं टेबलाचा सनमायका उचकटत राहतो.
'तो हसत नव्हता, मॅडम.
लहानपणापासून ओठ फाटलेला त्याचा, टाके घातलेत,
तोंडच तसं आहे.
दोन वर्षं एका डब्यात जेवलो आम्ही.
मला माहीत होतं.
त्या टायमाला माहीत नव्हतं.'

त्या टायमाला.
मला यावर तासभर बोलता येतं:
कपाळामागचा मेंदू, त्याचा लगाम,
न झोपलेल्या रात्री, कुणाचंही तोंड
आपल्याविरुद्ध वाचणारे डोळे.
शिक्षकांसमोर बोलले आहे, पोलिसांसमोरही,
चहा-बिस्किटांसकट.

आणि परवा रात्री, चेंबूरला,
अण्णांनी विचारलं, मालू आली का?
आईला जाऊन सहा वर्षं झाली.
दहा वेळा मी नीट सांगितलं,
कधी खरं, कधी येतेय म्हणून.
अकराव्या वेळी फुलपात्र भिरकावलं.
त्यांना लागलं नाही. फ्रिजच्या दाराला पोचा आला.
मला आठ आकडे उलटे म्हणता येतात,
त्यातला एकही तेव्हा हाताशी नव्हता.
अण्णा पाच मिनिटांत विसरले.
खाली वाकून पाणी पुसू लागले,
कुणी सांडलं गं, म्हणाले.
सकाळी मी पोच्यावर
गॅसवाल्याच्या नंबराचं चुंबक लावलं.
ते तिथं नीट बसत नाही, खाली घसरतं.

माझी फाइल कुणी उघडली नाही.

तास संपला. शिपाई त्याला मनगटाला धरून नेतो,
भाजलेल्याच मनगटाला, पण तो काही बोलत नाही.
दारापाशी थबकतो.
'दोन,' म्हणतो. थांबतो.
'नऊ. चार.'
चाळीस मिनिटांनी.

तक्त्यात दोनच रकाने, बरोबर आणि चूक.
मी समासात लिहिते: बरोबर, वेळेनंतर.
त्याच्याखाली आणखी काही लिहून खोडते,
शेवटी एवढंच ठेवते, अधीक्षकांसाठी,
माझ्या वाईट अक्षरात:
पंख्याचं बटण आतल्या बाजूला हवं.