जंगाल

घोड्याच्या लिदीत पुरायचे तांब्याचे पत्रे,
शेजारी शिरक्याचं मडकं,
आणि तीन आठवडे विसरून जायचं.
मग खरवडून घ्यायचा तो हिरवा.
तांब्याला आंबट लागलं की तांबं कळकतं;
त्या कळकण्यातून मी किनारे काढते,
पानामागे दोन स्टायव्हर.

हे घर कालव्याकडे पाठ करून बसलंय.
ॲम्स्टरडॅमचा उजेड इथं येतो तो अकरा ते दोन,
तेवढ्यात मला एक खंड उरकावा लागतो.

समुद्र रंगवायचा नाही, मेस्टर लुबर्ट सांगतात,
समुद्र कोराच परवडतो.
काठाला फक्त बोटभर निळी,
धुतलेल्या गळपट्टीच्या शिवणीत राहते तशी.
सीमा लाल. आपलं ते पिवळं.
आत काय असतं, मी विचारलं होतं पहिल्या वर्षी.
"आत? आत हत्ती काढलाय की छापणाऱ्यानं.
त्याला राखाडी कर."

टेउनिस चौदाव्या वर्षी गेला, 'सोनेरी बगळा'वर.
ती वाट मी त्याच्याआधी शंभरदा गेले होते.
केपपाशी कुंचला वळवायचा, श्वास धरून,
की पुढं सगळा उतारच.
त्याला लागले अकरा महिने.
मला, शाई वाळलेली असली तर, जेवणाआधीचा वेळ.

कंपनीच्या कचेरीत कारकुनानं वाचून दाखवलं,
ओळीखाली बोट धरून, न अडखळता:
सदरे दोन, लोकरी टोपी एक, चाकू, निम्मे झिजलेले जोडे,
डोलकाठीपाशी लिलावात विकले.
आगाऊ उचल वजा. पेटीचे पैसे वजा.
आणखी काहीतरी वजा, ते मला कळलं नाही.
उरलं ते हातावर ठेवलं
आणि म्हणाला, सही येते का?
मी म्हटलं, मला आफ्रिका येते.

चाकू ज्यानं विकत घेतला तो पोरगा मार्चमध्ये आला,
विब्रांड नावाचा, खालचा ओठ फाटलेला.
चाकू परत द्यायला आलोय म्हणाला, आणि दिलाच नाही.
तीन वाट्या सूप प्यायला
आणि टेबलावरच्या कागदाकडे बोट केलं:
हे बेट.

मसुराएवढं होतं. अजून ओलं होतं.
इथं, म्हणाला, पार डोंगरापर्यंत जायफळाची झाडं
आणि त्या झाडांची माणसं.
झाडं आहेत.

मी थांबले. तोही थांबला.
मग म्हणाला, कड्यावरून.
मग म्हणाला, एक बाई तर टोपलीसकट.
मग बऱ्याच वेळानं, वाटी पुसत,
टेउनिस तेव्हा जिवंत होता,
तुमचा टेउनिस, माझ्या डाव्या हाताला उभा,
मशाल त्याच्याकडे होती.

मी त्याला आणखी सूप वाढलं.
अशा वेळी काय करतात दुसरं?

लुबर्टांच्या खणात एक नकाशा आहे, त्यांच्या वडिलांच्या वेळचा.
कुणा बाईचा डिंक कमी पडला होता.
हिरवं होतं तिथं तिथं कागद आधी तपकिरी झाला,
मग ठिसूळ, मग गळला.
दिव्यासमोर धरला की बेटांच्या जागी उजेड.
"हे लगेच दिसत नाही," ते म्हणाले होते,
"पन्नास वर्षांनी दिसतं. पण खाली नाव माझं असतं."

आज चाळीस पानं आलीत, जाड कागदाची,
भागीदारांच्या भिंतींसाठी.
डिंकाची वाटी रिकामी आहे.
नवा भिजवायला हवा. उठायला हवं.

उठले नाही.
मसुराएवढा ठिपका, चाळीस वेळा,
निव्वळ जंगाल.
मग उठले, डिंक भिजवला,
आणि बाकीचं जग नेहमीसारखं नीट रंगवलं,
हत्तीसकट.