दुनळीविषयी माझी मतं

दोन नळ्या शेजारी शेजारी हव्यात,
एकीच्या डोक्यावर एक नकोत.
एइबारच्या या चढावरच्या गल्लीत
चाळीस वर्षं हेच सांगतेय,
आणि समोरचा आर्कोचा
खालीवर नळ्यांच्या बंदुका विकून
दुमजली घर बांधून बसलाय.
असो. ज्याचं त्याला.

तो म्हणतो, एकच नळी दिसते, नेम पक्का बसतो.
अरे, बघायचं उडत्या पाखराकडे!
नळीकडे बघणारा म्हणजे
घास घेताना चमचा न्याहाळणारा.
उपाशी राहील.

चाप दोन हवेत.
पुढचा मोकळ्या तोंडाच्या नळीला,
मागचा आवळलेल्या.
पाखरू जवळ उठलं की पुढचा, लांब गेलं की मागचा,
बोट विचारत बसत नाही.
एकचापी बंदूक तुमच्या वतीनं ठरवते.
माझ्या वतीनं कुणी ठरवलेलं मला चालत नाही,
नवऱ्यालाही हे आधीच सांगितलं होतं.

मूठ सरळ ठेवा, पिस्तुलासारखी वळवू नका.
हात एका चापावरून दुसऱ्यावर
जिन्याच्या कठड्यावरून उतरावा तसा
आपसूक मागे आला पाहिजे.

पुढचं लाकूड बारीक असतं, हे खरं.
चार बार काढले की डाव्या हाताला चटका.
ही खोट मान्य.
नळ्यांवर चामड्याची बाही चढवा आणि गप्प बसा.

तोल बिजागरीच्या खिळ्यावर.
चांगल्या बंदुकीला वजन असतं,
ती जड नसते.

आणि नळ्या समांतर नसतात. दिसतात फक्त.
पुढे जाता जाता एकमेकींकडे कणभर कलतात.
वडील, लेओन्सियो, त्या डाखानं जोडायचे,
दोरीला टांगून नखानं टिचकी मारायचे.
घंटेसारखी वाजली तर ठीक,
फुटक्या मडक्यासारखी वाजली तर पुन्हा भट्टी.
शेवटी शेवटी ऐकू येईना,
तेव्हा दोरी दातांत धरून टिचकी मारायचे.
डोळे मिटून, जबड्यातून ऐकायचे.

गेल्या नोव्हेंबरात एल्गेटाहून एस्कार्ने आली,
काखेत बालेंदिनची दुनळी, जुन्या चादरीत गुंडाळलेली.
अठ्ठ्याऐंशी साली तिचा दस्ता मीच केला होता,
नवाऱ्याच्या अक्रोडाचा,
त्याच्या उजव्या खांद्याला बेतून, पाव बोट बाहेर कललेला.
'काप,' ती म्हणाली. 'मला लांब होतो.
आणि माझा डावा डोळा जोराचा आहे.'
तुला कधीपासून शिकार?
'बेकाडा येतात अजून, बीचच्या पानांत.
कुत्रं ऐकत नाही. दारात उभं राहतं.'

बेकाडा म्हणजे पाणलाव्याचा जाडा चुलतभाऊ,
वाकडातिकडा उडतो, माणसाची फजिती करतो.

टाचेकडून दोन बोटं कापलं.
मग दस्ता शिकंज्यात धरला,
मुठीला कापड गुंडाळून
वरून उकळतं जवसाचं तेल, पळी पळीनं, अर्धा तास.
स्क्रू फिरवत गेले, श्वासाश्वासानं.
दुकानभर स्वयंपाकासारखा वास.
ती स्टुलावर बसून होती, कोट न काढता.
लाकूड आधी अडलं, मग वळलं.

वाकवलेलं लाकूड रात्रीत थोडं मागे येतं,
म्हणून थोडं जास्त वाकवायचं,
पोरांना मी हेच शिकवते.
या खेपेला जास्त वाकवलं नाही.
का, ते विचारू नका.

सकाळी तिनं बंदूक उचलली,
डाव्या खांद्याला लावली, खिडकीतून डोंगराकडे.
बसली, जवळजवळ.
दस्त्याच्या डाव्या अंगाला
बालेंदिनच्या गालानं घासून घासून आलेली चमक
आता बाहेरच्या बाजूला होती.
तिचा गाल उजव्या, कोऱ्या अंगाला.
दोघांच्या मधे तेवढं लाकूड.

आर्कोचाला यातलं काय सांगणार?

एकशे वीस युरो घेतले.
तेलाचे वेगळे लावले नाहीत.