तीस सेकंद

रायबंदरच्या दवाखान्यात, मागच्या खोलीत,
वजनकाट्याएवढी काळी फळी.
‘चढा, सोयरूबाब,’ पोर म्हणते,
‘गुडघे जरा सैल. दांडी धरा. तीस सेकंद.’

दोनदा पडलाय तो.
एकदा न्हाणीत, शेवाळलेल्या चिऱ्यावर.
एकदा भर उजेडात, सपाट जमिनीवर,
कशालाच न अडखळता.
लाज या दुसऱ्याची.

बटण.
पोटऱ्या जाग्या होतात, मांड्या, मग दातांची कवळी.
‘भिऊ नका हां.’
तो हसतो.

एकतीस वर्षं चोडणच्या फेरीबोटीवर
दोर फेकले याने.
इंजिनाची हीच धडधड तळव्यांतून वर यायची,
आणि स्कूटरी, पोदेराची सायकल, नवरीची गाडी
यांच्या मधोमध हा उभा,
कशालाही न धरता.

निवृत्त झाला, तशी जमीन गप्प झाली.
पायांना कोणी काही विचारेना.

आता विचारतंय कोणीतरी.
पोटरी लगेच बोलते,
डावा अंगठा उशिरा.

सव्वीस. सत्तावीस.
दांडीवरची दोन बोटं सुटतात.
पोर घड्याळात बघतेय.

फळी थांबते.
‘झालं, उतरा आता.’
तो उतरत नाही.
खिडकीबाहेर मांडवी,
आणि बोट अजून धक्क्याला
टेकलेली नाही.