एक मीटर चाळीस

या गावाच्या नावात बेडूक ओरडतो,
म्हणजे पाणी आमच्या आधीपासूनचं.
तांब्यासाठी आम्ही नंतर आलो
चिलिलाबोम्ब्वेत.

पत्र्याच्या शेडमध्ये बा कपाम्ब्वे
ट्रेमधल्या दगडी कांड्यांवर ओला ब्रश फिरवतात.
कोरडा दगड खोटं बोलतो, म्हणतात.
बोटाएवढा तुकडा, हाताएवढा, पुन्हा बोटाएवढा.
दहा सेंटिमीटरहून लांब तेवढेच मोजायचे,
बाकीचे नुसते असू द्यायचे.
तीस वर्षं त्यांनी जमीन अशी वाचली,
उसासारखी, पेर न् पेर.

माझं काम वरच्या थंड खोलीत.
त्यांचे आकडे माझ्या पडद्यावर चौकोन होतात,
लाल म्हणजे भरघोस, निळा म्हणजे सोडून द्या.
भोक एकशे बारा आणि भोक एकशे तेरा
यांच्यात साठ मीटर आहेत,
आणि त्या साठ मीटरांत कुणीच गेलेलं नाही.
संगणक शेजाऱ्यांकडे चौकशी करतो,
जवळच्याचं जास्त ऐकतो, लांबच्याचं कमी,
आणि रंग भरून मोकळा होतो.
लग्नं जुळवणारेही असंच करतात.

मंगळवारी मी बोगदा आखला
नऊशे साठच्या पातळीवर,
सरळ, स्वस्त, सगळा लालातून.
संध्याकाळी बा कपाम्ब्वे जिना चढून आले,
माझ्या आठवणीत पहिल्यांदाच,
आणि की-बोर्डवर एक लाकडी ठोकळा ठेवला.
पेन्सिलीनं लिहिलेलं: गहाळ, १.४०.

एकशे तेरातून इथे काहीच वर आलं नाही.
तुझ्या यंत्रानं काय धरलंय?

मी पाहिलं.
लाल धरलं होतं.

दगड मिळाला नाही म्हणजे माहिती मिळाली नाही,
असं नसतं, कसुबा.
जो वर येईपर्यंत टिकला नाही
तो तुझं छप्पर होणार आहे.

मग खिशातून ड्रिलवाल्याची वही काढली,
ग्रीसचे डाग, पावणेतीनची नोंद:
आत सोडलेलं पाणी परत आलं नाही.
कुठे गेलं?
त्यांनी खांदे उडवले.
जिथे जातं, तिथून येतंही.

मी बोगदा वाकवला.
चाळीस मीटरांचा वळसा, अडीच आठवडे जास्त.
मॅनेजरनी पुरावा मागितला,
मी ठोकळा पुढे केला.
त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला,
मागच्या बाजूला काही नव्हतं.
मध्ये अजून एक भोक घ्या, म्हणाले,
मग बघू.

दुपारी तो ठोकळा मी शेडमध्ये नेला,
एकशे तेराचा ट्रे शोधला,
दोन तुकड्यांमधल्या रिकाम्या जागी बसवला.
बा कपाम्ब्वे न्शिमाचा घास वळत होते.
मान वर न करता म्हणाले,
उलटा ठेवलायस.
आकडा वर पाहिजे.