बांधातल्या पायऱ्या

इंगानं वाढदिवसाला पाठवली ती डबी:
गालाच्या आतून फिरवायची एक काडी.
एकाहत्तर वर्षांच्या माणसाला काय ही भेट!
तरी फिरवली. पोस्टाच्या बोटीनं गेली.

आम्ही इस्बिस्टर. वेस्ट्रे बेटावर
चर्चच्या वहीत आमची सात पानं.
वाय गुणसूत्र म्हणे बापाकडून मुलाकडेच जातं,
आडनावासारखं. फक्त
आडनावाइतकं भिडस्त नसतं.

उत्तर आलं. जुळणारे नऊजण.
इस्बिस्टर एकही नाही.
विनिपेगचे चार ड्रेव्हर, डनीडनचे दोन,
उरलेले तिघे माझ्यासारखेच कोड्यात.

ड्रेव्हर म्हणजे बांधापलीकडचे.
त्यांच्याशी आमचं नव्वद वर्षं वाकडं:
चार हात गवत, एक विहीर,
शिंगाला धरून परत आणलेल्या मेंढ्या.
बाप जाताना म्हणाला, ड्रेव्हरांचा खांदा नको.
नाही लागू दिला.
ज्याला जन्मभर शेजाऱ्यांची कटकट म्हणत आलो
ती चक्क भाऊबंदकी निघाली.

मग वहीची नक्कल पुन्हा काढली.
पणजा विल्यम बुडाला मार्चमध्ये.
आजोबा जन्मले पुढच्या फेब्रुवारीत.
पाद्र्यानं दोन्ही तारखा एकाच शाईनं लिहिल्या,
आणि सव्वाशे वर्षं आमच्यातल्या कुणी
बोटं मोजली नाहीत.

बांधाच्या मधोमध चार दगडी पायऱ्या आहेत,
बापानं तारेनं आवळून टाकलेल्या.
कुठलीच वाट तिथं जात नाही.
दगड झिजलाय, आमच्या बाजूनं जास्त.
जेसिना पणजी,
तू चढून जायचीस, की कुणी उतरून यायचं?
हसत दार उघडायचीस, की आतून अडसर घालायचीस?
काडी सांगते कोण.
कसं, ते सांगत नाही.
तुझं तर त्या कागदावर नावही नाही.

मला तिघी मुली. टॅमस ड्रेव्हर बिनलग्नाचा.
म्हणजे इथलं हे वाय
बांधाच्या दोन्ही अंगांनी संपत आलंय.

संध्याकाळी तो पलीकडून ओरडला,
"तुझी मेंढी पुन्हा माझ्या जवात!"
मी पक्कड घेऊन निघालो.
तार गंजून गेलेली, तरी
तिसऱ्या पिळाला हात कापला.
टॅमस बघत उभा.
खिशातून रुमाल काढला त्यानं,
आणि द्यावा की नाही
हे काही त्याला ठरवता येईना.